धागा: तोरणमाळपलीकडच्या पाड्यावर मंडळीची मिशन ट्रिप, जालन्याहून १४ जण

दुधनाकाठ

सर्वांना सलाम. जालन्यातल्या आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ नाताळच्या सुट्टीत तोरणमाळच्या पलीकडे, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर जायचं ठरवतोय. पाड्यावर पंधरा-वीस विश्वासी घरं आहेत, तिथल्या पाळकांनी बोलावलंय. गाडीरस्ता संपतो तिथून ११ किमी पायवाट: आधी साधारण ४५० मीटर खाली दरीत, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा ३५० मीटर वर. १४ जण, त्यात ५ मुली आणि बायका. सगळ्यात लहान १८ वर्षांची, सगळ्यात मोठे ५६ चे.

आतापर्यंतची यादी: पेटी, ढोलकी, बॅटरीवरचा स्पीकर, जुन्या कपड्यांच्या सहा गोण्या, बीपीचं मशीन, सर्दी-तापाच्या गोळ्या, मुलांना खाऊ, नव्या कराराच्या ५० प्रती. शहाद्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दहाला चालायला सुरुवात, पाड्यावर तीन रात्री. जाणकारांनी मोकळेपणाने चिरफाड करावी.

अंतूरवेडा

आधी वेळेचा हिशोब मांडू, कारण दहाची सुरुवात इथंच बाद होते.

ओझं पाठीवर असलेला, सवय नसलेला गट सपाटीला ताशी ३ किमी धरावा. म्हणजे ११ किमीला ३ तास ४० मिनिटं. चढाचा वेगळा भार: दर ३०० मीटर चढाला एक तास, म्हणजे तुमच्या ३५० मीटरला १ तास १० मिनिटं. उतार फुकट धरायची चूक सगळे करतात. सातपुड्यातली वाट म्हणजे काळ्या पाषाणावर पसरलेला सुटा मुरूम, ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यागत पाय सरकतो. तीव्र उताराला अर्धा तास वाढवा. दर तासाला दहा मिनिटं विसावा, जेवण अर्धा तास. बेरीज पावणेसात तासांवर जाते. दहाला निघालात तर पावणेपाच, आणि हे कुणाचा पाय मुरगळला नाही तर. हिवाळ्यात तिकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं. शेवटचा चढ नेमका त्या वेळेला येईल.

म्हणून सकाळी सातला पाय वाटेवर पडले पाहिजेत. शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किमी, त्यात घाट. शहाद्याला झोपून सातला वाट धरणं होत नाही. मुक्काम तोरणमाळलाच करा, तिथं पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे आणि नाताळात रात्री कडाक्याची थंडी असते. जालन्याच्या थंडीवर बेतलेलं पांघरूण पुरणार नाही.

सगळ्यांच्या पुढे वाट माहीत असलेला स्थानिक, सगळ्यांच्या मागे तुमच्यातला सर्वांत दमदार माणूस. वेग मागून तिसरा माणूस ठरवेल. पुढच्यांनी विसावा घेतला आणि मागचे पोहोचताच उठून चालू लागले, की मागच्यांना विसावा मिळतच नाही. गट फुटतो तो असा.

खर्डा

पेटी कामून न्यायलाव राव? आठ-दहा किलोचं धूड, दरीत उतरताना एक आपट बसली की स्वर बंद. टाळ, खंजिरी, ढोलकी. झालं.

अंतूरवेडा

पेटीबद्दल सहमत. धक्क्यांनी रीड हलतात आणि दव लागलं की भाते फुगतात. ढोलकी न्यायची तर गोणपाटात गुंडाळून. रात्री शाई पुडीकडची बाजू चुलीजवळ ठेवू नका, पुडी तडकते.

ओझ्याचा नियम: स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नाही, आणि कुणाच्याही पाठीवर १० किलोच्या वर नाही. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक सॅक काट्यावर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या उंचीला, तळाशी पांघरूण. पाण्याच्या बाटल्या बाहेर लोंबकळत ठेवल्या की उतारावर तोल जातो.

सराव हवाच. जालन्याचं रान सपाट, मांड्यांना उतार माहीत नसतो. कन्नड तालुक्यातला अंतूर किंवा सोयगावचा वेताळवाडी किल्ला, पाठीवर ८ किलो घेऊन, किमान दोनदा, आणि ज्या बुटांनी सातपुड्यात जायचं त्याच बुटांनी. नवे बूट ट्रिपलाच काढले की पहिल्याच उतारावर अंगठ्याचं नख काळं होतं. नखं आधी कापा, आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला.

सातपुड्यातला

मी धडगावकडचा. तारखेचं बोलतो.

नाताळात पाड्यावर तुम्हाला म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. कर्ती माणसं दिवाळीनंतर गुजरातला आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात, होळीला परततात. बीड-पाटोद्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नाताळासाठी दोन-चार दिवस काही कुटुंबं येतीलही, पण ती घरच्यांना भेटायला येतात. त्यात १४ पाहुण्यांचं करायचं म्हणजे सण पाहुण्यांच्या सरबराईत जातो.

होळीच्या आठवड्यात येऊ नका. तो आमच्याकडचा सर्वांत मोठा सण, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, नंतरचे मेलादे (मेळे), सगळं त्यातच. विश्वासी घरं आणि बाकीची घरं यांच्यात वर्षभरात एकदा ताण येतो तो त्याच दिवसांत, होळीच्या वर्गणीवरून. त्या वेळी बाहेरच्या १४ जणांनी गाणी म्हणत वाटेने येणं म्हणजे आगीत तेल. मे महिना मुलांना सुट्टीचा म्हणून सोयीचा वाटतो, पण नर्मदेकडच्या उतारावर ऊन भाजून काढतं, झिरे आटतात आणि घरोघर कैऱ्या चिरून आमचूर वाळवायचं काम असतं. पावसाळा विसराच, ओढा तासाभरात छातीला लागतो आणि घाटात दरडी येतात.

राहतो तो काळ दसरा ते दिवाळी. माणसं घरी असतात, ओढ्याला गुडघाभर स्वच्छ पाणी असतं. त्रास एकच: दिवसभर सगळे ज्वारी-मक्याच्या कापणीला. म्हणजे तुमचे दिवसाचे कार्यक्रम रद्द, फक्त संध्याकाळी उपासना. गवत कमरेइतकं असतं, त्यामुळे साप. काठी आपटत चला.

आणखी एक. पाडा म्हणजे मराठवाड्यातल्यासारखं गल्ल्यांचं गाव डोळ्यांपुढे आणू नका. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. या घरातून त्या घरात जायला अर्धा तास. "घरोघरी भेटी" असं कार्यक्रमात लिहिलं असेल तर दिवसाला चार घरं धरा.

दुधनाकाठ

ऊसतोडीचं लक्षातच आलं नव्हतं. तारीख पाळकसाहेबांशी बोलून बदलतो. कपड्यांबद्दल कुणी काही बोललं नाही?

सातपुड्यातला

बोलतो. सहा गोण्या जुने कपडे कोण वाहणार? पाड्यावरचीच पोरं ना? आणि त्यात निघतं काय, चेन तुटलेल्या पँटी, लग्नातले शेरवानी, शहरी पोरींचे टॉप. दोन दिवस पोरं घालतात, नंतर ते ओढ्यात दिसतात.

गावात वाटप करायचं तर एक गोष्ट पक्की समजा: विश्वासी घराला दिलं आणि शेजारच्याला नाही, तर त्या घराचं नुकसान तुम्ही करून निघालात. सगळ्यांना दिलं तर "धर्मासाठी लाच" म्हणतील. दोन्हीतून सुटका एकच. तिथल्या मंडळीला आधी विचारा काय लागतंय, आणि ते वर्षातल्या वेगळ्या वेळी, तिथल्या लोकांच्या हातून, शाळा किंवा ग्रामपंचायतीमार्फत जाऊ द्या. सोलर कंदील, शाळेला सतरंज्या, विहिरीवरची पुली आणि दोर, असल्या गोष्टी निघतात.

कोर्टरोड

वाटपाचा मुद्दा कायद्यानेही तितकाच नाजूक आहे, म्हणून लिहितो.

घटनेचं कलम २५ धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हा हक्क देतं; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपला विश्वास सांगता येतो. आमिष, धाक, फसवणूक आली की गाडी वेगळ्या रुळावर. एकाच दिवशी, एकाच मांडवात आधी उपासना आणि मग कपडे किंवा औषधं, हे चित्र कुणीही मोबाईलवर काढून कसंही दाखवू शकतं. तुमचा हेतू काय होता याचा खुलासा नंतर ठाण्यात बसून करावा लागतो.

दुसरं, सीमा. तोरणमाळपलीकडचे पाडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्याला लागून आहेत. ओढ्यापलीकडचं टेकाड दुसऱ्या राज्यात असू शकतं. तिथं २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, त्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. बाप्तिस्म्याचा विधी तुमच्या कार्यक्रमात असूच नये. तो तिथल्या मंडळीचा आणि तिथल्या पाळकांचा विषय. महाराष्ट्रापुरतंही, निघायच्या आठवड्यात त्या दिवशी लागू असलेला कायदा वकिलाकडून समजून घ्या. समाजमाध्यमावरच्या पोस्टवर विसंबू नका.

तिसरं, अक्राणी, म्हणजे धडगाव तालुका, हे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र, तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. ग्रामसभेला तिथं मान आणि अधिकार दोन्ही आहेत. पाहुणे म्हणून राहायला परवाना लागत नाही. पण पोलीस पाटील आणि सरपंच यांना बोलावणाऱ्या मंडळीच्या सहीचं साधं पत्र आधी पोहोचवा: किती जण, कोण, कुठून, कुठल्या तारखा, कुठे राहणार. ओळखपत्रांच्या प्रती जोडा. एक प्रत ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

स्पीकर नेऊच नका. सार्वजनिक जागी लावायला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग.

मंडळीकडे परदेशी पाहुणे असतील तर त्यांना या ट्रिपमध्ये घेऊ नका. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसाची वेगळी वर्गवारी आहे.

बिनधास्त_बीडकर

मला मूळ प्रश्न पडलाय. आदिवासींना त्यांचा देव आहे, देवमोगरा माता आहे. जालन्याहून जाऊन त्यांना काय शिकवायचं?

सातपुड्यातला

प्रश्न रास्त आहे. पण त्या पाड्यावर ख्रिस्ती घरं आधीपासून आहेत, तीही आमचीच माणसं, आमच्याच कुळातली. खानदेशात मिशनचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यांनी आपल्या विश्वासातल्या माणसांना बोलावलं तर त्यात गैर काही नाही.

अडचण वेगळीच असते. पाहुणा तीन दिवसांनी जातो आणि त्याचं वाक्य मागे राहतं. "हे दगड कशाला पुजता" असं एखादं पोरगं सहज बोलून जातं आणि पुढच्या मयतीला दोन भाऊ एका ताटात बसत नाहीत. म्हणून नियम करून घ्या. झाडाखालचे शेंदूर लावलेले किंवा लाकडी कोरीव खांब दिसले तर त्यावर बसायचं नाही, सॅक टेकवायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, फोटो नाही. मयत, लग्न, वर्गणी, मोहाची दारू या विषयांवर पाहुण्याने मत द्यायचं नाही, विचारलं तरी. मोहाची पुढे केली तर हात जोडून "चालत नाही" एवढं पुरे, प्रवचन नको.

बिनधास्त_बीडकर

ठीक. एवढं पाळणार असतील तर माझं काही म्हणणं नाही.

दवाखाना_नाका

बीपी मशीन आणि गोळ्यांवर लिहिते. परिचारिका म्हणून.

सोबत नोंदणीकृत डॉक्टर आहे का? नसेल तर "आरोग्य शिबिर" हा शब्दच काढून टाका. बीपी मोजलात आणि १८०/११० आलं, तर पुढचं पाऊल काय? त्या बाईला ११ किमी चालत आणणार का? ज्याला पुढे नेता येत नाही ती तपासणी करून फक्त घबराट मागे राहते. डॉक्टर असेल तर आधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोला, आशाताईंना सोबत घ्या, संदर्भचिठ्ठी त्या केंद्राच्या नावे द्या आणि नोंदवही त्यांच्याकडेच सोडा. जंताची गोळी वाटू नका; सरकारी मोहिमेत मुलांना ती मिळते, दुबार होते. मलेरियाची औषधं तर मुळीच नाही: या भागात रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आढळते, आणि प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळीने अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, या पट्ट्यात आहे. ओझं वाहायला तरुण पोरं घेणार असाल तर आधी विचारा. आजार असलेल्या माणसाला अतिश्रम, थंडी आणि पाण्याची कमतरता यांनी सांधे-छातीत असह्य दुखणं उठतं. नुसता सिकलसेलचा वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) असेल तर सहसा त्रास नसतो.

तुमच्या गटाची औषधपेटी: ओआरएसची २० पाकिटं, पॅरासिटामॉल, बँडेज ४ रोल, त्रिकोणी पट्ट्या ३, चिकटपट्टी, जंतुनाशक द्रावण, हातमोजे, थर्मामीटर, प्रत्येकाची स्वतःची रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून देतात, मुलाला मीठ जास्त होतं आणि जुलाब वाढतात. लहान पाकीट २०० मिलीचं असतं, पाकिटावर वाचा.

झोपताना जमिनीवर अंथरूण असेल तर मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा सतरंजीखाली खोचून. डासांसाठी जितकी, तितकीच मण्यारीसाठी. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड. चावल्याचा नुसता संशय असला तरी थांबायचं नाही. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, तो हात किंवा पाय फळीने स्थिर करा आणि माणसाला चालवू नका. प्रार्थना जरूर करा, पण झोळी उचलून चालता चालता. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सगळ्या धर्मांना सारखाच.

खर्डा

झोळी कशी बांधायची ते सांगा ताई. लोक म्हनतेत बांबूला चादर बांधली की झाली.

दवाखाना_नाका

तेवढ्यावर होत नाही. भरीव बांबू हवा, दहा फूट, मनगटाएवढा जाड. पोकळ किंवा वाळका बांबू मध्येच कडकन जातो. दोन जाड चादरी एकावर एक. प्रत्येक टोक चुणून बांबूवर दोन वेढे आणि वरून नायलॉनच्या दोरीने आवळून गाठ. नुसत्या कापडाच्या गाठी वजनाने सरकतात. आधी कुणालातरी आत झोपवून गुडघाभर उंचीवर झुलवून बघा. माणूस जमिनीपासून दीड फुटाच्या खाली लोंबला तर चढावर दगडाला पाठ घासते, चादर आखूड करा.

एका वेळी दोघे खांदेकरी, शिवाय एक बाजूला रुग्णाचं तोंड बघणारा. चढावर डोकं वरच्या बाजूला, उतारावरही डोकं वरच, म्हणजे उतरताना पाय पुढे. दर दहा मिनिटांनी खांदा बदल. आठ माणसं असतील तरच ११ किमी निघतात, आणि वेळ नेहमीच्या दीडपट धरा. उंचावरून पडून मान किंवा पाठ दुखतेय म्हणणाऱ्याला झोळीत घालू नका, मणका वाकतो. त्याला बाज उलटी करून तिच्यावर सपाट बांधून न्या.

१०८ ला फोन लागेल तो डोंगराच्या धारेवर, दरीत नाही. कुठल्या खडकापाशी रेंज येते ते पहिल्याच दिवशी पाड्यावरच्या पोरांना विचारून ठेवा.

येसर_आमटी

खाण्यावर कुणी बोललं नाही म्हणून मी.

१४ जण, तीन दिवस. माणशी रोज पीठ-तांदूळ मिळून ४०० ग्रॅम धरलं तर १६.८ किलो, १७ म्हणा. डाळ ८० ग्रॅमने साडेतीन किलो. तेल पावणेदोन लिटर. मीठ अर्धा किलो, गूळ दीड किलो, चहा पाव किलो, दूधपावडर अर्धा किलो. शेंगदाण्याची चटणी दोन किलो, तिला तोड नाही. हे सगळं २७-२८ किलोपर्यंत जातं, म्हणजे माणशी दोन किलो. सगळं पाठीवर बसतं, त्यासाठी वेगळा हमाल लागत नाही.

डाळ शिजवायला कुकर नेणं हा वेडेपणा, त्यापेक्षा येसर न्या. आपल्याकडच्या आजीबाईंनी हे लग्नाकार्याला केलेलं, पण डोंगराला इतकं सोयीचं दुसरं काही नाही. भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ, माणशी ३० ग्रॅम, उकळत्या पाण्यात सोडताना आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत आमटी. एका वेळच्या जेवणाला सव्वाचारशे ग्रॅम पुरतं. चालायच्या दिवशी धपाटे: कांदा-काकडी न घालता, तेल जास्त, पूर्ण गार झाल्यावर सुती फडक्यात बांधलेले. गरम असताना डब्यात कोंडले की संध्याकाळपर्यंत तार सुटते.

पाणी: चालताना माणशी ३ लिटर पाठीवर. पाड्यावर पिणं-स्वयंपाक मिळून माणशी ५ लिटर, रोजचे ७० लिटर, म्हणजे पाच हंडे. हे पाच हंडे कुणीतरी बाई झिऱ्यावरून डोक्यावर आणते. तुमच्या पोरांनी पहाटे रांगेत उभं राहून स्वतः आणावं, आणि बायकांचं भरून झाल्यावर. गढूळ असेल तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळा. मग खळखळ उकळी एक मिनिट, किंवा क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर ती गाळातच खर्ची पडते.

सातपुड्यातला

जेवणात एक भर. घरोघर बोलावतील, नाही म्हणू नका, पण "कोंबडी नको, भाकर आणि उडदाची डाळ द्या" हे पाळकांकरवी आधीच कळवा. नाहीतर दारात चार कोंबड्या असलेलं घर त्यातली एक कापणारच. तुमचा शिधा वेगळा शिजवून वेगळा खाल्लात तरी वाईट दिसतं. पहिल्या संध्याकाळी सगळा शिधा मंडळीतल्या बायकांच्या हवाली करा आणि भाकरी थापायला तुमच्यातले चार हात बसवा. वाटाड्या आणि ओझेवाल्यांना दिवसाची मजुरी आणि जेवण, आधी ठरवून, रोख. विश्वासी भाऊ म्हणून फुकट राबवू नका.

भाषा: बायका-म्हाताऱ्यांना मराठी फारसं कळत नाही. पावरी किंवा भिलोरी जाणणारा दुभाषी तिथल्याच मंडळीतला घ्या, बायकांमध्ये बोलायला बाईच. वीस मिनिटांचा संदेश दुभाष्यासकट चाळीस मिनिटं होतो, दिवसभर कापणी केलेली माणसं डुलक्या घेतात. दहा मिनिटांत आवरा. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट. आधी त्यांची गाणी, मग तुमची दोन. ५० नवे करार मराठीत आणून उपयोग किती, तेही पाळकांना विचारा; शाळेतली पोरं वाचतील, त्यांच्यापुरते दहा-बारा पुरतात.

स्टेअरिंग

गाडी. जालना-संभाजीनगर-कन्नड-चाळीसगाव-धुळे-दोंडाईचा-शहादा, तीनशे किमीच्या आसपास, कन्नडच्या औट्रम घाटात कोंडी धरून आठ तास. पहाटे पाचला निघा. शहाद्याला डिझेल फुल, रोकड सुट्ट्या नोटांत, पुढे भरवसा नाही. सतरा सीटच्या ट्रॅव्हलरला तोरणमाळच्या सातपायरी घाटात वळणं अंगावर येतात. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की जळका वास आणि मग ब्रेकच नाही. घाट अंधारात करू नका.

तोरणमाळच्या पुढे आपली गाडी न्यायची नाही. स्थानिक क्रूझर ठरवा, आत बसतील तेवढीच माणसं, दोन फेऱ्या होऊ द्या. पिकअपच्या मागे उभं राहून जायचं नाही, कोण कितीही म्हणालं तरी.

कोर्टरोड

मुलींच्या राहण्याचं काय ठरलंय? वेगळं घर, सोबत किमान दोन मोठ्या बायका, शौचाला दोघी-दोघींनी. ओढ्यापासून ७०-८० पावलं दूर, वीतभर खड्डा, वर माती. पॅड आणि प्लॅस्टिक बंद पिशवीत परत शहाद्याला. पोरांचे चेहरे, आजारी माणसं यांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार, यादी अर्धी झाली. पेटी, स्पीकर, कपडे, बीपी मशीन, खाऊ बाद. तारीख दसऱ्यानंतरचा दुसरा आठवडा, पाळकसाहेब विचारून कळवतायत. पत्र लिहायला घेतलंय. नवे करार १२. सरावाला अंतूर.

एकच उरलं. ५६ वर्षांच्या काकांचा डावा गुडघा दुखतो, पण त्यांना यायचंच आहे. नी-कॅप आणि काठीवर जमेल का?

अंतूरवेडा

चढ जमेल, ४५० मीटरचा उतार नाही जमणार. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या कितीतरी पट भार येतो, आणि परतताना ३५० मीटर उतरून ४५० चढायचेत. अंतूर उतरताना त्यांच्याकडे लक्ष ठेवा. बाजूने तिरकं पाऊल टाकायला लागले किंवा दुसऱ्या सकाळी सूज आली तर त्यांना तोरणमाळलाच ठेवा.

तिथं त्यांना कामही आहे. गाडी, चालक, सगळ्यांच्या घरचे फोन नंबर आणि ठाण्यात दिलेल्या पत्राची प्रत त्यांच्याजवळ. रोज संध्याकाळी पाचला तुमच्यातला एकजण रेंजच्या खडकावर जाऊन त्यांना निरोप देईल. एक संध्याकाळ चुकली तर त्यांनी थांबायचं, दुसऱ्या सकाळी नऊपर्यंतही फोन नाही आला तर वाटाड्याच्या माणसाला पाड्याकडे पाठवायचं आणि पोलीस पाटलांना फोन लावायचा. परतीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कुणीच वर आलं नाही तर क्रूझर, पाणी आणि चार खांदेकरी घेऊन वाटेच्या तोंडाशी.

दुधनाकाठ

काकांना हे काम पटेल. त्यांच्या मोबाईलचं बटण बिघडलंय, तेवढं दुरुस्त करून घेतो.